मोज्यात खोचलेलं झाड

स्कॉटलंडमध्ये एखाद्या लग्नाला गेलात, तर नवरदेवाच्या चेहऱ्याआधी त्याच्या पायांकडे बघा. कमरेला चौकड्यांचा, चुण्या घातलेला लोकरी किल्ट, पायांत गुडघ्याखालपर्यंत येणारे जाड मोजे, आणि उजव्या मोज्याच्या काठातून हळूच डोकावणारी एक काळी मूठ. होय, ती सुरीची मूठ आहे! सुरीचं पातं म्यानासकट मोज्याच्या आत, पोटरीला लागून बसलेलं असतं. नवरदेव डावखुरा असेल, तर सुरी डाव्या मोज्यात. तिचं नाव ‘स्कीअन डू’. डोंगराळ भागातल्या जुन्या गेलिक भाषेत याचा अर्थ काळी सुरी.

आता तुम्ही विचारणार, लग्नात सुरी कशाला? त्यासाठी थोडं मागे जायला हवं. स्कॉटलंडचा उत्तरेकडचा आणि पश्चिमेकडचा डोंगराळ मुलूख म्हणजे हायलँड्स. तिथल्या माणसाला दिवसभर सुरी लागायची: दोर कापायला, मांस कापायला, शिकार सोलायला. 1746 साली कलोडनच्या लढाईत हायलँड्समधल्या बंडखोरांचा पराभव झाला आणि त्यानंतर सरकारने त्यांच्या शस्त्रांवरच काय, त्यांच्या पोशाखावरही बंदी घातली. पोशाखावरची बंदी उठली ती 1782 साली. मग हा पोशाख परत आला तो मोठ्या मानाने, आणि मोज्यातली सुरीही त्याच्यासोबत मिरवू लागली. हेन्री रेबर्न नावाच्या चित्रकाराने 1812 च्या सुमारास ग्लेनगॅरीच्या मॅकडोनेल सरदाराचं एक भलंमोठं चित्र रंगवलं. ते एडिनबरा शहरातल्या राष्ट्रीय कलादालनात आहे, आणि त्यात सरदाराच्या मोज्यात ही सुरी स्पष्ट दिसते.

आज या सुरीने कुणी भांडत नाही. लग्न, पदवीदान, मिरवणूक असल्या मंगल प्रसंगी ती घालतात. 25 जानेवारीला रॉबर्ट बर्न्स या लाडक्या कवीची जयंती असते. त्या रात्रीच्या जेवणात हॅगिस नावाचा खास पदार्थ वाजतगाजत आणतात आणि कविता म्हणता म्हणता सुरीने तो कापतात. एरवी स्कॉटलंडमध्ये सार्वजनिक जागी धारदार पातं जवळ बाळगणं हा गुन्हा आहे. पण तिथल्या कायद्यात काही सवलती मुद्दाम लिहून ठेवल्या आहेत, त्यांतली एक राष्ट्रीय पोशाखासाठी आणि दुसरी धर्मासाठी. दुसऱ्या सवलतीमुळे तिथल्या शीख लोकांना कृपाण बाळगता येतं. विमानात मात्र स्कीअन डू सामानाच्या बॅगेतच टाकावी लागते, नवरदेव असलात तरी!

पातं जेमतेम आठ-नऊ सेंटिमीटरचं. पण मला तुम्हाला सांगायचंय ते मुठीबद्दल. चांगल्या कारागिराला विचारा, “ही मूठ कशाची?” तो नुसतं “लाकडाची” असं कधीच म्हणणार नाही. ते झाड कुठलं, कुठे वाढलं, त्याचं काय झालं, हे सगळं तो सांगेल. आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा ते झाड मुठीसाठी कुणीही तोडलेलं नसतं.

सगळ्यांत नामांकित लाकूड म्हणजे दलदलीत सापडणारा काळा ओक. शाळेच्या पाटीसारखा नाही, त्याहूनही काळा! आणि त्याला रंग लावलेला नाही.

गोष्ट अशी. काही हजार वर्षांपूर्वी एक ओक वादळात उन्मळून पडला, आणि पडला तो नेमका दलदलीत. स्कॉटलंडमध्ये पाऊस खूप आणि ऊन कमी, त्यामुळे अशा दलदली ठिकठिकाणी आहेत. देशाच्या पाचव्या भागाहून जास्त जमीन तसल्याच ओल्या, काळपट थरांनी झाकलेली आहे. त्या थराला पीट म्हणतात. तो बनतो स्फॅग्नम नावाच्या शेवाळापासून. हे शेवाळ स्वतःच्या वजनाच्या वीसपट पाणी धरून ठेवू शकतं. खालचं शेवाळ मरतं, वर नवं वाढतं, खालचं कुजता कुजत नाही, आणि वर्षाला साधारण एक मिलिमीटर या वेगाने थर चढत जातो. म्हणजे एक मीटर खोल खणलं की तुम्ही हजार वर्षं मागे गेलात! उत्तर टोकाला ‘फ्लो कंट्री’ नावाचा असाच अफाट दलदलीचा प्रदेश आहे. 2024 साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. डोंगर नाही, राजवाडा नाही, चक्क चिखल! मला तर हा निर्णय फार आवडला.

आपला ओक त्या चिखलात बुडाला. जमिनीवर पडलेलं लाकूड काही वर्षांत कुजतं, कारण बुरशी ते खाते. पण बुरशीला जगायला ऑक्सिजन लागतो, आणि दलदलीच्या पाण्यात तो जवळपास नसतोच. शिवाय ते पाणी थंड आणि आंबट. त्यामुळे जेवण समोर वाढलेलं असूनही बुरशीला जेवताच येत नाही. झाड आहे तसंच राहतं.

आहे तसंच, पण आहे त्या रंगाचं नाही. ओकच्या लाकडात टॅनिन नावाचं तुरट द्रव्य भरपूर असतं. दलदलीच्या पाण्यात विरघळलेलं लोह असतं. पाणी शतकानुशतकं लाकडात मुरत जातं, लोह आणि टॅनिन एकमेकांना धरतात, आणि त्यातून गडद काळं संयुग तयार होतं. आधी तपकिरी, मग करडं, मग कोळशासारखं काळं. ताजं खणून काढलेलं लाकूड हवा लागल्यावर आणखीही काळं पडतं, कारण हवेतला ऑक्सिजन लोहाचं रूप बदलतो.

हे तुम्ही घरी बघू शकता. घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घ्या. काचेच्या वाटीत थोडं व्हिनेगर घेऊन त्यात साधे लोखंडी खिळे दोन-तीन दिवस बुडवून ठेवा. खिळे स्टेनलेसचे नकोत, आणि वाटीवर घट्ट झाकण नको, कारण आत वायू तयार होतो. मग बिनदुधाचा, बिनसाखरेचा कडक चहा करून गार करा. चहाच्या त्या तुरट चवीतही टॅनिनच्याच गोतावळ्यातली द्रव्यं असतात. त्यात खिळ्यांच्या पाण्याचे चार-सहा थेंब टाका आणि बघत राहा. चहा बघता बघता काळा! चहाऐवजी हिरड्याची पूड भिजवून तिचं पाणी घेतलंत, तर रंग आणखी गडद येईल. लोखंडी कढईत आवळे शिजवले की ते काळे का पडतात, याचंही उत्तर तुम्हाला मिळालं. युरोपात हजार वर्षांहून जास्त काळ लोक याच रसायनाची शाई करून लिहीत होते. ओकच्या फांद्यांवर कीटकांमुळे येणाऱ्या गाठी कुटायच्या, त्यांच्या अर्कात लोहाचा क्षार घालायचा, झाली शाई. त्यांनी भांड्यात केलं ते दलदलीने झाडाच्या पोटात केलं, एवढंच. अर्थात दलदलीला काही हजार वर्षं लागली.

मग दलदलीत पडलेलं प्रत्येक झाड काळं होतं का? नाही ना! तिथेच पाइनचे बुंधेही सापडतात, काही तर चार हजार वर्षांचे. ते तांबूस-पिवळेच राहतात, कारण पाइनमध्ये टॅनिन फार नसतं. त्याच्यात असते राळ. पूर्वी हायलँड्समधल्या घरांत या राळभरल्या लाकडाच्या चिरफळ्या काढून मेणबत्तीऐवजी पेटवायचे. हजारो वर्षं पाण्यात बुडालेलं लाकूड भराभर पेटतं आणि घरात उजेड देतं, विचार करा!

दलदलीतल्या ओकचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो ऐकून मी थक्क झाले होते. झाडाच्या खोडात दरवर्षी एक कडं वाढतं. चांगल्या पावसाचं वर्ष असेल तर कडं जाड, वाईट वर्षाचं बारीक. दोन झाडं काही काळ एकाच वेळी जगली असतील, तर त्यांच्या कड्यांचा जाड-बारीक क्रम जुळतो. शेजारच्या आयर्लंड बेटावर, बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी असे ओक एकापुढे एक जुळवत नेले आणि 1984 साली सात हजार वर्षांहून लांब, एकही वर्ष न गाळलेली मालिका जाहीर केली. जुन्या वस्तूंचं वय मोजायच्या कार्बन पद्धतीतल्या चुका दुरुस्त करायला या लाकडांनीही मदत केली. म्हणून कारागिराच्या हातात काळ्या ओकचा तुकडा येतो, तेव्हा त्याच्या कडेच्या बारीक रेघा बघा. त्यातली एकेक रेघ म्हणजे एकेक उन्हाळा आहे.

आता जरा दुसऱ्या झाडांकडे वळू.

एल्मच्या खोडावर कधी कधी मोठं आवाळू येतं. कीड, जखम किंवा कसला तरी ताण पडला की त्या जागी शेकडो कळ्या फुटू बघतात, पण फांदी काही होत नाही. आतलं लाकूड मग सरळ वाढायचं सोडून गोल गोल फिरतं, वळसे घेतं. अशा आवाळूचा काप घासून गुळगुळीत केला की त्यात डोळेच डोळे आणि भोवरेच भोवरे! हाताने काढू म्हटलं तरी जमणार नाही अशी नक्षी. सुऱ्या करणारे या लाकडासाठी अक्षरशः वाट बघतात. पण एल्मची गोष्ट दुःखाची आहे. 1960 च्या दशकात बाहेरून आलेल्या ओंडक्यांबरोबर एक जहाल बुरशी ब्रिटनमध्ये आली. सालीत राहणारे चिमुकले भुंगे ती झाडाझाडांवर नेतात. बुरशी पसरू नये म्हणून झाड स्वतःच्याच पाण्याच्या नळ्या बुजवतं, आणि त्या धडपडीत तहानेने मरतं. ब्रिटनमध्ये असे दोन कोटींहून जास्त एल्म गेले. थंड, दूरवरच्या हायलँड्समध्ये काही अजून तग धरून आहेत. मेलेला एल्म रस्त्याकडेला उभा ठेवता येत नाही, तो पाडावाच लागतो. त्याचं सरपण होण्याआधी एखाद्या कारागिराची नजर त्याच्यावर पडली, तर त्यातल्या आवाळूची मूठ होते.

बर्च तर मेल्यावरच जास्त सुंदर होतो. पडलेल्या बर्चमध्ये निरनिराळ्या बुरश्या शिरतात, आणि प्रत्येक बुरशी आपल्या हद्दीभोवती काळी भिंत बांधते, दुसरीने आत येऊ नये म्हणून. पांढरट लाकडावर पेनाने काढल्यासारख्या त्या काळ्या रेषा म्हणजे बुरश्यांच्या राज्यांचा नकाशाच आहे. फक्त वेळ साधावी लागते. लवकर उचललं तर रेषा नाहीत, उशीर केला तर लाकडाचा भुगा.

आणि यू! हे झाड फार हळू वाढतं आणि फार जगतं. बाहेरचं लाकूड सायीच्या रंगाचं, आतलं केशरी-तांबडं, दोन्ही एकाच मुठीत आली की बघत राहावं. पर्थशरमधल्या फॉर्टिंगॉल गावात चर्चच्या आवारात एक यू आहे. त्याचं वय दोन-तीन हजार वर्षं तरी असावं, असा अंदाज आहे. अठराव्या शतकात मोजला तेव्हा त्याच्या बुंध्याचा घेर सुमारे 16 मीटर भरला होता. यूमध्ये नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं, आणि हे झाड नर. पण 2015 साली त्याच्या एका फांदीवर लाल फळं दिसली. ती एक फांदी मादी झाली होती, बाकी सगळं झाड नर! या झाडाला अर्थातच कुणी कारागीर हात लावत नाही. मुठीसाठी यूचं लाकूड मिळतं ते वादळात मोडलेल्या फांद्यांचं. ते घासताना नाकातोंडाला मास्क हवाच, कारण यू विषारी आहे: पानं, साल, बिया, जवळपास सगळं.

रोवन या लाल फळांच्या झाडाबद्दल हायलँड्समध्ये समजूत होती की ते चेटूक दूर ठेवतं. म्हणून ते घराजवळ लावत आणि तोडायला घाबरत. आणि काही झाडं अशी आहेत की त्यांचं लाकूड कुणी मागूच नये. अ‍ॅरन नावाच्या बेटावर व्हाइटबीमच्या अशा जाती आहेत, ज्या जगात दुसरीकडे कुठेच उगवत नाहीत. उंच कड्यांवर, ओढ्याकाठच्या घळींत ती मूठभर झाडं उभी आहेत. दुर्मीळ आहे म्हणून हवं, असं ज्याला वाटतं तो कारागीर नव्हे, असं मला ठाम वाटतं.

लाकूड मिळालं म्हणून लगेच मूठ होत नाही. ताज्या लाकडात पाणी किती असतं सांगू? काही झाडांत कोरड्या लाकडाच्या वजनाइतकं! ते हळूहळू जाऊ द्यावं लागतं. सुतारांचा ठोकताळा आहे, एक इंच जाडीला एक वर्ष. घाई केली तर लाकूड तडकतं, कारण ते सगळीकडून सारखं आकसत नाही. लांबीत जवळपास नाहीच, कड्यांच्या आडव्या दिशेने थोडं, आणि कड्यांच्या वळणाच्या दिशेने त्याच्या साधारण दुप्पट. दलदलीतला ओक तर याबाबतीत फारच हट्टी. हजारो वर्षं पाणी पिऊन त्याच्या पेशींच्या भिंती नाजूक झालेल्या असतात. म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना मेण लावतात, म्हणजे पाणी टोकांतून भसकन जात नाही, आणि सावलीत ठेवून देतात. इतकं करूनही बरेच तुकडे फुटतात. एवढी वर्षं दलदलीने सांभाळलेलं लाकूड शेवटच्या दोन वर्षांत हातचं जातं.

तोवर पात्याचं काम. पोलाद तापवत तापवत लालभडक करायचं. किती लाल? जुनी युक्ती अशी की लोहचुंबक लावून बघायचा. लोखंड 770 अंश सेल्सियसच्या पुढे गेलं की चुंबकाला चिकटतच नाही! मग आणखी थोडं तापवून पातं तेलात बुडवायचं. ते कठीण होतं, पण इतकं ठिसूळ की पडलं तर तुटेल. म्हणून पुन्हा 200 अंशांच्या आसपास तापवायचं. तेव्हा चकचकीत पात्यावर फिकट, गवताच्या काडीचा पिवळा रंग चढतो. तो रंग म्हणजे ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा. त्याची जाडी वाढली की रंग बदलत जातो, पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा. कारागीर रंग बघून तापमान ओळखतो आणि पिवळ्यावरच थांबतो.

पात्याच्या मागच्या निमुळत्या शेपटीसाठी लाकडात भोक पाडायचं, कानशीने ते अगदी मापाचं करायचं, इपॉक्सी गोंद लावून बसवायचं. मुठीच्या माथ्यावर बऱ्याचदा एक खडा असतो. खरा मानाचा खडा म्हणजे केर्नगॉर्म, त्याच नावाच्या डोंगरांत सापडणारा धुरकट, मधाच्या रंगाचा क्वार्ट्‌झ. क्वार्ट्‌झ खरं तर पाण्यासारखा पारदर्शक. पण त्यात अ‍ॅल्युमिनियमचे थोडेसे अणू अडकलेले असतात, आणि आजूबाजूच्या ग्रॅनाइट खडकातून अतिशय मंद किरणोत्सर्ग लाखो वर्षं त्याच्यावर पडत राहतो. त्यानेच तो धुरकटतो. खडा घालणाऱ्याला मात्र त्यापासून काही धोका नाही.

शेवटी मुठीवर जवसाचं तेल चोळतात. हे तेल वाळतं म्हणजे उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेतं आणि त्याची घट्ट, चिवट पापुद्र्यासारखी जाळी बनते. असं होताना उष्णता बाहेर पडते. म्हणून तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात फेकायची नाहीत. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात! शहाणा कारागीर ती दोरीवर मोकळी वाळत घालतो.

नक्षीची गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली. तेल लावायच्या आधी पटाशीने मुठीवर एकमेकांत गुंफलेल्या पट्ट्या कोरतात. एक पट्टी दुसरीच्या वरून जाते, मग खालून, मग वरून, आणि तिला ना सुरुवात ना शेवट. पट्ट्यांच्या मधे चांदीचे किंवा पितळेचे बारीक खिळे ठोकतात. ही वीण स्कॉटलंडमधल्या जुन्या कोरीव दगडांवरही आहे. जॉर्ज बेन नावाच्या चित्रकला-शिक्षकाने अशी नक्षी पायरीपायरीने कशी आखायची, ते अनेक वर्षं अभ्यासून 1951 साली पुस्तकात मांडलं.

तुम्हीही करून बघा. कागदावर पेन्सिल न उचलता हवा तसा गुंता काढा, पाहिजे तिथे रेषेने रेषा छेदा, आणि जिथून निघालात तिथेच परत या. फक्त एकाच जागी तीन रेषा येऊ देऊ नका. आता रेषेवरून बोट फिरवत चला. पहिल्या छेदाला ‘वरून’, पुढच्याला ‘खालून’, मग ‘वरून’, असं लिहीत जा. प्रत्येक छेदावरून तुम्ही दोनदा जाल. गंमत अशी की पहिल्यांदा जिथे ‘वरून’ गेलात, तिथे दुसऱ्यांदा तुमची पाळी ‘खालून’चीच येईल. गुंता कितीही वेडावाकडा असो, एकदाही चुकणार नाही! असं का होतं, ते शोधायचं काम तुमच्याकडे. एक धागा हातात देते: कागदावर दोन बंद वेटोळी एकमेकांवर काढा, ती एकमेकांना किती ठिकाणी छेदतात ते मोजा, आणि ती संख्या कधी विषम येते का, ते बघा.